भोरडीच्या पिसातलं पाणी

माझ्या आयुष्याची सहा वर्षं पिसं धुण्यात गेली. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग माझं तोंड बघून हसू आवरतो. माझ्या आईनं मात्र कधी आवरलं नाही. दर रविवारी मी एसटीडी बूथवरून गावी फोन लावायची आणि पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "काहून वं, अजून पिसंच धुऊन राह्यली का?" मी हो म्हणायची. "बाप्पा! किती मळकी पाखरं हायेत तुमच्या पुण्यात!" असं म्हणून ती स्वतःच हसायची. मग आवाज खाली आणून विचारायची की हे सगळं संपणार कधी. मी बूथच्या काचेवरचा बिलाचा आकडा बघत बसायची.

आमचं गाव अकोल्याकडचं, खारपाणपट्ट्यातलं. म्हणजे विहिरीला पाणी आहे, पण तोंडात घ्यायची सोय नाही. पुण्यात आले तेव्हा नळाचं पाणी मला इतकं गोड लागलं की पहिला आठवडा मी तहान नसताना पीत होते. ही गोष्ट मी एकदा प्रयोगशाळेत हसत हसत सांगितली होती. सांगायला नको होती, पण तेव्हा काय माहीत!

काम काय होतं ते सोप्या भाषेत सांगते, अवघड भाषेत सांगून सांगून मला कंटाळा आला आहे. पावसाच्या पाण्यात हायड्रोजन दोन प्रकारचा असतो, हलका आणि जड. समुद्राजवळच्या, उबदार मुलखातल्या पावसात जड हायड्रोजन जरा जास्त. ढग जमिनीवरून आत, थंड प्रदेशाकडे जातात तसा जड भाग वाटेत पडून जातो, आणि पुढं पोचतं ते पाणी हलकं. ते पाणी गवतात जातं, गवत टोळाच्या पोटात, टोळ पाखराच्या पोटात, आणि त्यातून पीस उगवतं. पूर्ण वाढलेलं पीस आपल्या नखासारखं मेलेलं असतं. मग पाखरू कितीही लांब उडो, पिसात राहतं ते पीस जिथं उगवलं तिथलंच पाणी. म्हणजे पिसाचा चिमूटभर तुकडा यंत्रात घातला की ते कुठं उगवलं त्याचा अंदाज येतो. ऐकायला इतकं सुंदर वाटलं होतं मला हे! एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी कुणीतरी भाषणात सांगितलं आणि मी तिथंच ठरवलं की हेच करायचं. वर्गातली बाकीची मुलं तेव्हा संध्याकाळी संगणकाच्या क्लासला जात होती. त्यांना मी मनातल्या मनात हसले होते, तेवढं मला अजून आठवतं.

पाखरू म्हणजे भोरडी. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची मैना. पावसाळा सरता सरता मध्य आशियातून हजारोंनी आपल्याकडे येते, ज्वारी खाते, शेतकऱ्याच्या शिव्या खाते आणि उन्हाळा लागला की परत जाते. वाघोलीच्या पुढं, खडीच्या खाणींच्या कडेला बाभळीचं बन होतं, तिथं त्यांचा रात्रीचा मुक्काम. आता तिथं बारा मजली इमारती आहेत. तेव्हा नुसते प्लॉटचे दगड रोवायला सुरुवात झाली होती. मी दुपारच्या बसनं जायची, डोक्याला ओढणी घट्ट बांधून झाडाखाली उभी राहायची आणि वरून जे जे पडेल ते अंगावर घ्यायची. कधी पहाटेच्या बसनं विभागातल्या पोरांबरोबर जायची, तेव्हा वनखात्याच्या परवानगीनं जाळं लावायचो, पाखरू हातात आलं की पंखातल्या एका पिसाचं टोक कापून घ्यायचं आणि सोडून द्यायचं. परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी असायची. पुण्याच्या बसमध्ये बसायला जागा मिळवायचा तो एकच खात्रीचा मार्ग, असं माझी मैत्रीण म्हणायची.

ती आणि मी नारायण पेठेत एका खोलीत राहायचो. एम.एस्सी.ला एकाच बाकावर होतो. तिनं तो संगणकाचा क्लास पुरा केला आणि हिंजवडीच्या कंपनीत लागली. सकाळी कंपनीची बस तिला लक्ष्मी रोडवरून उचलायची. संध्याकाळी ती परत यायची तेव्हा तिच्या अंगाला एसीचा थंड वास असायचा आणि माझ्या अंगाला क्लोरोफॉर्मचा. "तुझ्याजवळ बसलं की मला भूल चढते गं," असं म्हणून ती खिडकी उघडायची. पिसं धुतात ती त्यातच, क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलच्या मिश्रणात. त्यानं तेलकटपणा जातो. मग वाळवायची, बारीक कापायची आणि मुगाच्या डाळीएवढ्या चांदीच्या कुप्यांत चिमट्यानं भरायची. त्या वेळी पंखा लावायचा नाही, शिंकायचं नाही. कुप्या परदेशातल्या एका प्रयोगशाळेत जायच्या, कारण तसं यंत्र तेव्हा आमच्याकडे नव्हतं. मग वाट बघायची.

आता सरांविषयी. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. जन्म नारायण पेठेतला, शाळा-कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर, नोकरीही तशीच. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि विद्यार्थिनींना "अहो बाई". भोरड्यांवर त्यांनी तीस वर्षं लिहिलं होतं आणि देशात या पाखराविषयी काही विचारायचं तर त्यांनाच विचारत. पहिल्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "आपण मूळच्या कुठल्या?" पुण्यात हा प्रश्न चहाच्या आधी येतो. मी अकोला म्हटलं. "अस्सं. लांबून आलात," एवढंच म्हणाले. पुढं सगळी वर्षं विभागात माझी ओळख करून देताना ते "या अकोल्याच्या" असंच म्हणत. त्यात वाईट काही नव्हतं. फक्त मी पुण्यात आले होते हे कधी जुनं होत नव्हतं.

भोरड्यांनाही ते असंच बाहेरचं धरून होते. त्यांच्या सगळ्या लेखांत शब्द एकच, पाहुणे. पाहुण्यानं यावं, खावं, वेळ झाली की निघावं. त्याची वाढ, त्याचं घर, त्याचं सगळं काही तिकडं. म्हणून त्यांनी नियम घालून दिला होता की पिसं घ्यायची ती पूर्ण रंगाच्या, प्रौढ पाखरांचीच. सप्टेंबरात जाळ्यात पिवळट चोचीची, मातकट पिल्लंही सापडत, त्या सालीच जन्मलेली. मी त्यांच्याही पिसांची टोकं घेऊन ठेवली होती. सर म्हणाले, "ती बाजूला ठेवा. कच्चा माल." आम्हां कुणालाच त्यात काही खटकलं नाही. आपल्या घरी कुणाचं कुटुंब आलं तर मूळ गाव आपण कर्त्या माणसाला विचारतो, दारात खेळणाऱ्या पोराला नाही. इतकी शिकलेली माणसं आम्ही, पण पाखरांच्या बाबतीतही तेच केलं.

दोन हिवाळे पिसं गोळा करून पाठवली. आकडे आले ते ऐन पावसाळ्यात. विभागात इंटरनेट असलेला एकच संगणक होता आणि सरांच्या मागं उभी राहून मी तो पडदा वाचला. मध्य आशियाचं हलकं पाणी कुठंच नव्हतं. प्रत्येक पीस जड होतं. इथल्या पावसाइतकं, इथल्या ज्वारीइतकं जड. म्हणजे पिसं सांगत होती की ही पाखरं पुण्याची.

सरांनी आकडे वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचले. मग खुर्ची न वळवता म्हणाले, "नळाखाली धुतलीत ना?"

"नाही सर. तुम्ही सांगितलं तशीच धुतली."

"अहो बाई, पिसांवर विष्ठा असते. पहिल्यांदा हात नळाकडेच जातो माणसाचा. त्यातून तुमच्याकडचं माणूस. पाणी बघायला मिळत नाही, इथं नळ दिसला की सोडलात."

दोघेतिघे होते खोलीत. ते हसले. मीही हसले की काय कोण जाणे, अशा वेळी तोंड आपोआप हसतं. मग खोलीवर येऊन मी रडले. मैत्रिणीनं विचारलं तेव्हा मी तिला काय झालं ते सांगितलं, आणि ती मला विसरता येणार नाही असं एक वाक्य बोलली, "पण धुतल्यानं तसं होतं का मुळात?" होत नाही. पिसातला वरवरचा थोडा हायड्रोजन हवेतल्या ओलाव्याशी देवघेव करतो, बाकीचा आत कुलूपबंद असतो. नळाखाली काय, नदीत बुडवून ठेवलं तरी तो हलत नाही. हे पुस्तकात आहे. दुसऱ्या दिवशी मी ते पान उघडून सरांपुढं ठेवलं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "पुस्तकं मीही वाचली आहेत. पुन्हा धुवा. माझ्यासमोर."

माझी नोंदणी आधीच वाढवून घेतलेली होती आणि सर पुढच्या मेअखेर निवृत्त होणार होते. प्रबंधावर त्यांची सही झाली नाही तर नोंदणी रद्द, सहा वर्षं पाण्यात. या विषयाचा दुसरा मार्गदर्शक पुण्यात नव्हता. आणि सहीपेक्षाही मला दुसरं काहीतरी हवं होतं. मी खोटं बोलत नाही हे त्यांनी मान्य करावं, एवढंच. आज लिहिताना हसू येतं, पण त्या वर्षी मला जगातलं दुसरं काही दिसत नव्हतं.

मी पुन्हा धुतली. सर स्टूल घेऊन समोर बसायचे, वर्तमानपत्र वाचत.  विभागात मला "नळवाली" म्हणायला लागले होते. कुणी चहाचा कप विसळायला निघालं तरी मला विचारायचं, "बाई, नळ सोडू का?" पुणेरी विनोद! ऐकणाऱ्याला मजा, ज्याच्यावर होतो त्यानं दात काढायचे. दुसऱ्या खेपेचे आकडे ऑक्टोबरात आले आणि ते तसेच होते, जड. सर म्हणाले, "मग बाटल्या नळाखाली धुतल्या असतील." मी वही मिटली. वाद घालायची ताकदच उरली नव्हती.

त्याच सुमारास मी एकदा वाघोलीला गेले. कामासाठी नाही, सवयीनं. खोलीवर बसवत नव्हतं. बनाच्या कडेला विजेच्या तारांखाली एक गुलाबी भोरडी मरून पडली होती, अजून ताजी. मी सहज तिचा पंख उघडला. बाहेरच्या अंगाची पिसं जुनी, विटलेली, टोकं झिजलेली. आतल्या अंगाची नवी, काळी कुळकुळीत. आणि मधली दोन अजून अर्धीच होती, मेणकट आवरणातून कोंबासारखी वर येत होती. एक कोंब मी नखानं दाबला तर मुळाशी ओलं रक्त निघालं.

"अव माय!" मी मोठ्यानं म्हटलं. शेजारी शेळ्या चारत एक म्हातारी बसली होती, ती दचकून म्हणाली, "काय झालं गं? साप हाय का?"

साप नव्हता. पाखरू इथं पंख बदलत होतं. जुनी पिसं इथंच गाळत होतं, नवी इथल्याच ज्वारीवर, इथल्याच पाण्यावर उगवत होतं, आणि त्या नव्या पंखांनी तिकडं परत जाणार होतं. वर्षभर वापरायची आणि पुढच्या हिवाळ्यात इथं येऊनच टाकायची. मग मोठ्या पाखराचं पीस कधीही घ्या, ते पुण्याचंच निघणार. आकडे पहिल्यापासून खरं बोलत होते. घरट्यातलं पाणी फक्त त्या सालच्या पिल्लांच्या पिसात, ती पहिल्यांदा इथं उतरतात तेव्हा. तोच आमचा कच्चा माल. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण मला आठवतं ते एवढंच की मी त्या खडीच्या धुळीत बसले आणि मला गाढ झोप यायला लागली.

तो पंख मी सरांना नेऊन दाखवला. त्यांनी चष्मा वर करून पाहिला, कोंबावरून बोट फिरवलं. "एका पाखरावरून पंचांग मांडू नका, बाई," म्हणाले. मी म्हटलं, मग पिल्लांची पिसं पाठवू द्या. पाकिटं माझ्याकडेच आहेत. ते खिडकीबाहेर बघत राहिले. "पाठवा," म्हणाले. "एवढं पाठवलं, तेही पाठवा." पण चहाच्या वेळी नळाचा विनोद झाला तेव्हा नेहमीसारखे हसले.

कुप्या गेल्या, आणि हिवाळा वाट बघण्यात गेला. फेलोशिप संपली होती. खोलीचं भाडं मैत्रीण एकटीच देत होती आणि त्यावर अवाक्षर बोलत नव्हती, त्याचंच मला जास्त ओझं व्हायचं. एका रविवारी ती म्हणाली, "आमच्याकडे टेस्टिंगला माणसं घेताहेत. दुसऱ्यानं लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. तू त्यात एकदम फिट आहेस. आणि चूक सापडली की तिथं आनंद मानतात." मी परीक्षा दिली, त्यांनी घेतलं. जूनपासून यायचं का, विचारलं. मी मार्चमध्येच हो म्हणून टाकलं. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं माय. पण पाखरं?" तिला इतकी वर्षं चेष्टाच वाटत असेल असं मी धरून चालले होते. मी घाईघाईनं फोन ठेवला.

एप्रिलच्या शेवटी आकडे आले. पिल्लांची पिसं हलकी होती. नुसती हलकी नाही, मोठ्यांपासून इतकी दूर की शंकेला जागाच नाही. स्टेपच्या, म्हणजे मध्य आशियातल्या गवताळ मैदानांच्या, थंड मुलखातलं पाणी, जसंच्या तसं. मी तो कागद छापून घेतला आणि सरांच्या खोलीत गेले. निवृत्तीची आवराआवर चालली होती, भिंतीवरचा भोरडीच्या थव्याचा फोटो काढून खाली टेकवला होता. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. मग मी हिवाळ्यात लिहून दिलेला, हे आकडे तेवढे भरायचे राहिलेला, टेबलावरचा माझा प्रबंध ओढला, शेवटचं पान उघडलं, दोन पेनांतलं चांगलं पेन निवडलं आणि सही केली.  मला वाटलं, आता तरी काही म्हणतील.

शेवटी मीच म्हटलं, "सर, नळाचं पाणी नव्हतं."

"नव्हतंच," ते म्हणाले. "आतला हायड्रोजन धुऊन बदलत नाही. दुसऱ्या वर्षाला शिकवतो मी ते."

मला आधी कळेचना. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तुम्ही असलं काही करणार नाही हेही माहीत होतं. आणि पिसं इथं गळतात, इथं उगवतात हे तर मी तरुणपणीच पाहिलं होतं. लिहिलं नाही. तीस वर्षं पाहुणे लिहीत आलो, बाई. वर्षभर उरलं होतं. म्हटलं, मी गेल्यावर निघू दे काय निघायचं ते."

"आणि मी?"

"तुम्ही तरुण आहात. तुम्हाला वेळ होता."

इतक्या शांतपणे म्हणाले ते! वाईट माणूस नव्हते. आवाजात शरमही होती, मला ऐकू आली. मग थोडं सावरून, नेहमीच्या सुरात म्हणाले, "आता येत्या सप्टेंबरात पिल्लं जास्त धरा. पाचसहा ठिकाणची. हे काम मोठं होणार आहे, बाई. मी विभागात सांगून ठेवतो, तुम्हाला जागा देतील."

"मी जूनपासून कंपनीत जातेय, सर. हिंजवडीला."

"केव्हा ठरलं हे?"

"मार्चमध्ये."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटतं, त्या खोलीत पहिल्यांदाच. "मार्चमध्ये," ते म्हणाले. "मग सप्टेंबरात कोण जाणार वाघोलीला?"

"कुणी नाही."

"म्हणजे माझी सही वाया गेली म्हणा."

"सही कामी येईल, सर," मी म्हटलं. "वाया गेले ती मी."

त्यांनी पेन खिशाला लावलं. मी प्रबंध उचलला, शाई वाळली आहे ना ते पाहिलं आणि दार लोटून बाहेर आले. जिना अर्ध्यावर उतरून मी पायरीवर बसले. रागानं नव्हे. मी फार दमले होते, आणि मी दमत चालले आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून दिसत होतं.